विषाद आणि औषध



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी मला याच शाळेत शब्दांचे अर्थ तोलून पाहायला शिकवले. तरीही 'विषाद' या शब्दाचा अर्थ मला उतारवयातच कळला.

गीतेचा पहिला अध्याय 'अर्जुनविषादयोग'. अर्जुनाची गळून गेलेली गात्रे, कोरडे पडलेले तोंड यांवर मी वर्गात तासन्‌तास बोललो. माझ्या निवृत्तीनंतर पत्नीची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, बोलणे थांबले. तेव्हा मात्र मी तिला "मन घट्ट कर" एवढेच सांगत राहिलो. तापाने फणफणलेल्या माणसाला "अंग गार कर" म्हणावे, तसेच ते होते. आठ महिने वाया गेले, याची खंत आजही आहे.

पुढे मी वाचू लागलो. मेंदूतील पेशी सेरोटोनिनसारख्या रसायनांच्या द्वारे परस्परांना संदेश देतात. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावरील आयप्रोनियाझिड हे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले, आणि नैराश्यावरील औषधांची वाट सापडली. 'सेरोटोनिन घटले म्हणून नैराश्य आले' हे सोपे समीकरण मात्र पुढे टिकले नाही. गोळीने रसायनाची पातळी काही तासांतच बदलू लागते. मन सावरायला बहुधा काही आठवडे लागतात. त्या अवधीत पेशींमधील जोडण्या नव्याने घडत असाव्यात, असे अनेक संशोधक मानतात.

हा अवधी ठाऊक नसल्याने तिसऱ्या आठवड्यात आम्ही गोळ्या बंद करायला निघालो होतो. डॉक्टरांनी थोपवले. सहाव्या आठवड्यात एके सकाळी ती म्हणाली, "अहो, चहात साखर घालायला विसरलात." त्या तक्रारीइतके गोड वाक्य मी साहित्यात वाचलेले नाही.

गोळीच्या जोडीला समुपदेशनही चालू होते. ते शब्दांचेच काम. शब्दसुद्धा अखेर मेंदूवरच संस्कार करतात, हे भाषेच्या शिक्षकाला मोठे आश्वासन वाटते. मात्र शब्दांनाही योग्य वेळ आणि जाणकार माणूस लागतो.

आपल्या घरात कोणी असे मिटून गेले, तर उपदेश करू नका. शेजारी बसा, ऐका आणि डॉक्टरांकडे न्या. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. अर्जुनालाही विषादातून बाहेर येण्यासाठी आधी कोणीतरी ऐकून घ्यावे लागले होते.