चालकाचा शेरा कोण वाचतो?



एसटी कामगारांच्या साहित्य मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही एका प्रवाशाला दिलेत. एसटीच्या खिडकीशी बसून ज्याने महाराष्ट्र पाहिला, अशा लेखकाला तुमच्यापुढे बोलायला बोलावलेत, याचे मला मोल वाटते. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर हा मेळावा भरतो आहे हेही मला योग्य वाटते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा पहिला टप्पा कापूरबावडीहून निघून इथेच येऊन थांबणार आहे. मेट्रो येवो, चांगलेच आहे. पण लोकल गाडीची सवय असलेल्या मुंबईला हे ठाऊक नसते की, लाखो माणसांच्या या यंत्रमागाच्या गावाला रेल्वे म्हणून दिवा-वसई मार्गावरचे कडेचे भिवंडी रोड स्थानक तेवढे आहे. वाड्याकडचा विद्यार्थी, ठाण्याच्या इस्पितळात निघालेली बाळंतीण, गोदामातला हमाल, या सगळ्यांना वर्षानुवर्षे एसटीने वाहिले. 2020 च्या मे महिन्यात, कोविडच्या टाळेबंदीत, मागावरचे परप्रांतीय मजूर नाशिक महामार्गाने चालत सुटले, तेव्हा त्यांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडायलाही एसटीच निघाली. मुंबईत बेस्टच्या मदतीला राज्यभरातून एसटीचे चालक-वाहक बोलावले, त्यातले कित्येक आजारी पडले. आणि त्याच वर्षी त्यांचे पगार महिनोन्महिने रखडले.

आज मी बोलणार आहे ते तुमच्या वैतागाबद्दल. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण वर्तमानपत्रे त्याला नेहमी ‘पगाराचा प्रश्न’ म्हणतात. पगाराचा प्रश्न आहेच. पण मी आगारांत बसून जे ऐकत आलो, त्यात पगारापेक्षा जास्त वेळा गाडी येते. स्टेअरिंग जड आहे, सांगून झाले. खिडकीची काच बसत नाही, सांगून झाले. वायपर चालत नाही, लिहून दिले. ‘दुसरी गाडी नाही, हीच घेऊन जा.’ या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या किती फेऱ्या सुटत असतील!

2023 च्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी आगाराच्या एका गाडीची चित्रफीत राज्यभर फिरली. गाडी धावते आहे आणि छताचा पत्रा वाऱ्याबरोबर वर उचलला जातो आहे, आपटतो आहे. आत प्रवासी बसलेले. निलंबनाची कारवाई झाली, दोन दिवस चर्चा झाली, विषय मिटला.

आता दुसरे एक छत. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान हिलोहून होनोलुलूला निघाले. 24 हजार फुटांवर त्याच्या पुढच्या भागाचे छत सुमारे 18 फूट लांबीत उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती पुन्हा सापडली नाही. उरलेल्या 94 जणांना वैमानिकांनी माउई बेटावर जिवंत उतरवले. विमान 19 वर्षांचे होते, पण चौकशीत खरे महत्त्व वर्षांना मिळाले नाही. बेटाबेटांमधल्या छोट्या छोट्या पल्ल्यांवर त्याने 89 हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब चढतो, उतरतो, आणि त्या चढउताराने सांध्यांवरचा पत्रा थकतो. त्यात समुद्राची खारी हवा. कंपनीच्या देखभालीला हे नुकसान वेळेत दिसले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर जगभर जुन्या विमानांच्या तपासणीची पद्धत बदलली. अमेरिकेने 1991 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला.

मित्रहो, गाडीचे वयही असेच मोजायला हवे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धावणारी दहा वर्षांची गाडी आणि खेडोपाडी दर दोन-तीन किलोमीटरला थांबणारी, खड्ड्यांतून, पाण्यातून, घाटातून जाणारी दहा वर्षांची साधी गाडी यांचे वय एक नाही. किती वेळा ब्रेक लागला, किती वेळा गिअर पडला, किती माणसे पायरीवर लोंबकळली, हे कोणत्याही ताळेबंदात येत नाही. ते एकाच माणसाला ठाऊक असते. ब्रेकवर पाय ठेवला की त्याला कळते.

अलोहाच्या त्या चौकशीतली एक बारीक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्याला गेलेली चीर दिसली होती. त्या काही बोलल्या नाहीत. एसटीत तसे नाही. इथे पाहणारा सांगतो, नुसता सांगत नाही, लॉगशीटवर लिहून देतो. रोज, प्रत्येक आगारात. महाराष्ट्रात इतके नियमित लेखन दुसरे कोणी करत असेल असे मला वाटत नाही. त्याला वाचक मात्र मिळत नाही. तुमच्या वैतागाचे मूळ मला इथे दिसते. ज्या यंत्राबद्दल माणसाला काही ठरवता येत नाही, त्याच यंत्राची जबाबदारी त्याच्या गळ्यात असते.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 190. वाहनात दोष आहे हे ठाऊक असून ते सार्वजनिक रस्त्यावर चालवणारा दोषी आहे, आणि ते चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही तितकाच दोषी आहे. हा दुसरा भाग एसटी महामंडळाच्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावायला हवा. अपघातानंतर पहिला निलंबनाचा कागद निघतो तो चालकाच्या नावाने. ‘हीच घेऊन जा’ म्हणणाऱ्याचे नाव कागदावर कुठेच नसते, कारण ते वाक्य तोंडी असते. विमानाच्या कप्तानाला दोष दिसला तर विमान न उडवण्याचा अधिकार आहे, आणि त्याबद्दल त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. एसटीच्या चालकामागेही पन्नास जीव बसलेले असतात. त्याला तो अधिकार का नसावा?

वरिष्ठांच्या बाजूचेही बोलले पाहिजे. 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी निघाली, तेव्हापासून एसटीने तोट्याच्या वाटा सोडल्या नाहीत. जिथे खासगी गाडी जात नाही तिथे ती जाते. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट, या सवलती सरकार जाहीर करते आणि पैशांची वाट महामंडळ पाहत बसते. 2025 च्या जून महिन्यात सरकारनेच श्वेतपत्रिका काढली. तिच्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. कोविडआधी अठरा हजारांच्या आसपास असलेला ताफा आज पंधरा हजारांच्या घरात आला आहे, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांची दहा वर्षे कधीच उलटली. गाडी न घेता संस्था चालवायची आणि चालवणाऱ्याकडून मात्र वेळेची, डिझेलच्या सरासरीची, उत्पन्नाची अपेक्षा धरायची, हे मला मान्य नाही. ही तंगी खरी आहे, पण ती लपवण्यासाठी चालकाच्या तोंडावर बोट ठेवणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

आणि नेतृत्व कोणते म्हणायचे? सप्टेंबर 2024 मध्ये महामंडळाचे अध्यक्ष आमदार भरत गोगावले झाले. 2025 च्या सुरुवातीला ते पद परिवहन खात्याचे अतिरिक्त मुख्य सचिव संजय सेठी यांच्याकडे गेले, आणि त्याच वर्षी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे. व्यक्तींबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्या खुर्चीवर वर्षभरात तीन माणसे बसतात, तिथून बारा-पंधरा वर्षे चालणाऱ्या गाड्यांचे नियोजन कसे व्हावे? 5,150 विजेवरच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार 2023 मध्ये झाला. गाड्या वेळेत आल्या नाहीत, आणि 2025 मध्ये करार रद्द करण्याची भाषा मंत्र्यांना करावी लागली. दरम्यान जुनी गाडी आणखी एक पावसाळा धावली. ती कोणी धावती ठेवली? सुटा भाग मिळत नाही म्हणून एका गाडीचा काढून दुसरीला बसवणाऱ्या यांत्रिकाने. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांतल्या हातांनी. त्यांच्याविषयी मराठीत एक चांगली कथा मला दाखवा.

2021 चा संप तुम्हाला आठवण करून द्यायला नको. ऑक्टोबरअखेर सुरू झालेला, नोव्हेंबरात जवळजवळ सगळी आगारे बंद पाडणारा, पाच महिन्यांहून जास्त चाललेला. कित्येक घरांत त्या काळात माणूस गेला, त्या घरांची माणसे आज इथे असतील, त्यांना मी नमस्कार करतो. नोव्हेंबरात पगारवाढ जाहीर झाली, तरी मोठ्या संख्येने माणसे परतली नाहीत. 7 एप्रिल 2022 ला उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर या म्हटले, तेव्हा चाके फिरली. महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याची मागणी फेटाळली गेली. ती मागणी व्यवहार्य होती की नव्हती यावर माझे मत मी आज देणार नाही, पण ती का उगवली ते मला समजते. आपले कोणी ऐकत नाही असे ज्याला वाटते, तो मालक बदलून मागतो. संप चालू असतानाच, 27 जानेवारी 2022 ला, एअर इंडिया टाटांकडे गेली आणि साधारण वर्षभरात त्यांनी 470 नव्या विमानांची मागणी नोंदवायचे ठरवले. वर्षानुवर्षे मोडक्या आसनांबद्दल प्रवाशांचे बोल खाणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याला तेव्हा काय वाटले असेल याची कल्पना मी करू शकतो. पण एसटी विकायला काढा असा अर्थ कोणी काढू नये. विकत घेणारा गडचिरोलीच्या फाट्यावर गाडी पाठवणार नाही. गाडी लोकांचीच राहिली पाहिजे, आणि म्हणून ती धड असली पाहिजे.

इथून जवळच पटेल कंपाउंड आहे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे तिथली जिलानी इमारत कोसळली, जवळपास चाळीस माणसे गेली, त्यात लहान मुले होती. ती इमारत धोकादायक आहे हे कागदावर आलेले होते. या गावात उभे राहून मी जुन्या गाड्यांबद्दल बोलतो आहे, तेव्हा मला हे विसरता येत नाही. धोका माहीत असणे आणि धोका दूर करणे यांच्यामध्ये जो कागद पडून राहतो, तो भिवंडीला चांगलाच परिचयाचा आहे.

1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारायण सुर्वे यांना मिळाले. गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून राबलेल्या माणसाला मराठीने तो मान दिला. कामगारवस्तीला सुर्वे मिळाले, अण्णाभाऊ साठे मिळाले, बाबुराव बागूल मिळाले. एसटीला अजून तिचा लेखक मिळालेला नाही. मराठी कथा-कादंबऱ्यांत एसटी पाहुण्यांना आणते, नवरीला नेते, पण चालकाच्या आसनावर बसून मराठीने क्वचितच पाहिले आहे. मुक्कामी गाडी घेऊन गेलेला चालक रात्री कुठे झोपतो, वाहक बाई पहाटेच्या फेरीला काय सोसते, हे तुमच्याखेरीज कोण लिहील?

महामंडळाला माझी मागणी साधी आहे. चालकाने लिहिलेल्या प्रत्येक दोषाला गाडी सुटण्यापूर्वी लेखी उत्तर द्या, आणि दोष असूनही गाडी सोडायची असेल तर सोडणाऱ्याने खाली सही करावी. ब्रेक, स्टेअरिंग, वायपर यांत दोष असेल तर गाडी नाकारणाऱ्या चालकावर कोणतीही कारवाई होऊ नये. गाडी मोडीत काढताना तिची वर्षे मोजा, किलोमीटर मोजा, आणि ती कोणत्या रस्त्यावर धावली तेही मोजा. याला नवे हजार कोटी लागत नाहीत.

आणि तुम्हाला माझी विनंती अशी की, लिहिणे सोडू नका. जो शेरा लिहाल त्याची एक प्रत घरी ठेवा, तारखेसह, गाडीच्या क्रमांकासह. पुढच्या मेळाव्याला कविता आणा, कथा आणा, आणि त्या प्रतीही आणा. आपण त्या इथे मोठ्याने वाचू.