माणगंगेचा दुष्काळ मोजायचा कसा?

आजचा भाग जरा आकड्यांचा आहे. घाबरू नका, गणित मी करतो, तुम्ही चहा घेऊन ऐका.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत सातारा जिल्ह्यातली दोन नावं होती, वाई आणि खंडाळा. माण नव्हता. सांगलीचा शिराळा होता, म्हणजे चांदोलीच्या बाजूचा, भात पिकवणारा तालुका. आटपाडी मात्र नव्हता. आणि सोलापूरचा सांगोला होता.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. माणगंगा माण तालुक्यात कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, दहिवडी, म्हसवड करत आटपाडीत जाते, तिथनं सांगोल्यात आणि शेवटी भीमेला मिळते. नदी एक, हे तालुके तीन, जिल्हेही तीन. त्यातला खालचा तालुका दुष्काळी ठरला आणि वरचे दोन ठरले नाहीत. ज्या भागाचं नाव घेतलं की लोकांना आधी दुष्काळच आठवतो, तोच यादीबाहेर.

यादीत नाव आलं तर काय मिळतं? जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, टंचाईच्या गावाला टँकर, आणि शाळा-कॉलेजच्या पोरांना परीक्षा फी माफ. म्हणजे हा आकडा कुणाच्या तरी घरात फी भरायची की नाही हे ठरवतो. म्हणून तो कसा निघतो ते बघू.

केंद्राची दुष्काळ संहिता २०१६ ची आहे. त्याआधी आपल्याकडे पैसेवारी चालायची. पीक पन्नास पैशांच्या आत आलं की टंचाई. नव्या पद्धतीत चाळण्या आहेत. पहिली पावसाची: सरासरीपेक्षा किती टक्के कमी पडला, आणि मध्ये तीन-चार आठवड्यांचा खंड पडला का. यातनं पुढं गेलात तर दुसरी चाळणी: पेरणी किती झाली, उपग्रहातून हिरवळ किती दिसते, जमिनीत ओल किती, धरणा-विहिरींत पाणी किती. मग दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी, तीही ‘महामदत’ नावाच्या ॲपवर. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे खरं सांगतो, कागदावर ही पद्धत मला आवडते. तलाठ्याच्या आणि पुढाऱ्याच्या मर्जीपेक्षा कितीतरी बरी.

पण पहिल्या चाळणीतला तो शब्द बघा: ‘सरासरीपेक्षा’. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथनं पूर्वेला माणमध्ये या, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तर पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश. आता समजा, एका तालुक्याची सरासरी ९०० आहे आणि पडला ५००. तूट ४४ टक्के. दुसऱ्याची सरासरी ४५० आणि पडला ३५०. तूट २२ टक्के. पहिला चाळणीतनं वर येणार. पाणी कुणाकडे कमी आहे? दुसऱ्याकडे.

यावर लगेच चिडू नका. ९०० मिलिमीटरवाल्या शेतकऱ्यानं पीकही ९०० च्या हिशोबानं लावलेलं असतं. त्याचं भात ५०० वर जळणारच. त्याचं नुकसान खरं आहे. पण टक्केवारी फक्त एवढंच सांगते की यंदा नेहमीपेक्षा वेगळं काय झालं. ज्याचं नेहमीचंच वाईट आहे, त्याच्याबद्दल ती गप्प बसते.

शास्त्रज्ञ टक्केवारीपेक्षा एसपीआय वापरतात, प्रमाणित पर्जन्य निर्देशांक. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेला. कल्पना सोपी आहे. एका ठिकाणचा तीस-चाळीस वर्षांचा पाऊस घ्यायचा, यंदाचा पाऊस त्या रांगेत कुठं बसतो ते बघायचं. उणे एकच्या खाली मध्यम दुष्काळ, उणे दीडच्या खाली तीव्र, उणे दोनच्या खाली अतितीव्र. एक महिना, तीन महिने, बारा महिने, हव्या त्या खिडकीनं मोजता येतं. भारतीय हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटवार माहिती नेटवर मिळते. पायथनमध्ये शंभर ओळी लिहिल्या की झालं.

झालं म्हणजे, कोरड्या भागात एक गंमत होते. समजा फेब्रुवारी महिना घेतला. चाळीसपैकी अठ्ठावीस वर्षं फेब्रुवारीत थेंबही नाही. यंदाही नाही. तर नेहमीच्या सूत्रानं यंदाचा एसपीआय किती येतो? अधिक अर्धा. अधिक! म्हणजे पाऊस शून्य आणि निर्देशांक सांगतो की किंचित ओला महिना. कोडमध्ये बग नाही. सत्तर टक्के वर्षं शून्यच असतील तर शून्याची जागाच त्या रांगेत सत्तराव्या टक्क्यावर पडते. म्हणून माणदेशासारख्या ठिकाणी एक महिन्याची खिडकी उघडूच नये असं माझं मत आहे.

मग कुठली उघडावी? याचं उत्तर मला आटपाडीच्या मामानं एका वाक्यात दिलं: “मृगाचा चुकला तर बघू, हस्ताचा चुकला की शाळू गेला.” माणदेशात जूनपेक्षा सप्टेंबरचा पाऊस मोठा. परतीच्या पावसावर रब्बी ज्वारी येते, आणि ज्वारीबरोबर कडबा, म्हणजे जनावरांचं वर्षभराचं. त्यामुळे जून-जुलैची तूट बघून इथं फार काही कळत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर असा तीन महिन्यांचा एसपीआय लावला तर शाळूचं भविष्य दिसतं, आणि बारा महिन्यांचा लावला तर विहिरींचं.

विहिरींचं वेगळंच आहे. खाली सगळा बेसाल्ट, काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेही थोडंच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातनं चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. एक चांगला पाऊस या खडकात दोन वर्षं पुरत नाही. म्हणून लागोपाठ दोन वर्षं ‘जरा कमी’ गेली, तर कुठल्याच वर्षी पावसाचा आकडा लाल होत नाही, पण दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर सुरू.

उपग्रहाचंही ऐका, कारण तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील की एवढं सगळं कशाला, वरनं फोटो काढा. हिरवळ मोजायला वर्षानुवर्षं वापरलेल्या, उपग्रहावरच्या मोडिस यंत्राचा एक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टर. महाराष्ट्रातलं सरासरी खातं दीड हेक्टरच्याही आत. म्हणजे एका ठिपक्यात चार-पाच शेतकरी. त्यातल्या एकाची ठिबकवरची डाळिंबाची बाग असली तर ती शेजारच्या वाळलेल्या बाजरीचं दुःख झाकते. सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा आहे, तो वापरला तर बाग आणि बाजरी वेगळी दिसते. पण त्याची माहिती २०१५ पासूनची. ‘नेहमीचं’ काय, हे ठरवायला तेवढी वर्षं तोकडीच.

आणि नदीत पाणी दिसतंय म्हणून दुष्काळ नाही, हे तर आता अजिबात धरू नका. टेंभू योजनेतनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून आटपाडी-सांगोल्याकडे येतं. माणगंगेत वाहणारं पाणी माणगंगेवर पडलेलंच असेल असं नाही. पाणी आलं याचा आनंद आहेच, पण मोजणाऱ्यानं ते वेगळ्या रकान्यात लिहायला हवं.

तिकडं यादीवरून ओरड झाली आणि १० नोव्हेंबर २०२३ ला आणखी १,०२१ महसूल मंडळं दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाली. निकष दोन: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी, आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. दुसरा निकष नीट बघा. टक्केवारीच्या शेजारी पहिल्यांदा एक सरळ आकडा येऊन बसला: पडला किती. शिवाय मोजमाप तालुक्यावरून मंडळावर आलं. मला विचाराल तर त्या वर्षातली सगळ्यात शहाणी दुरुस्ती हीच. फक्त ती यादीनंतर दहा दिवसांनी, ओरड झाल्यावर आली.

माझी मागणी आणखी एक पाऊल पुढची आहे. मंडळाच्या आकड्यांबरोबर पाणलोटाचाही एक तक्ता ठेवा. कुळकजाई ते भीमा, एकाच पानावर पाऊस, विहिरी, शाळूची पेरणी आणि बाहेरनं आलेलं पाणी. त्यात एक रकाना मेंढ्यांचा असावा. कळप यंदा कुठल्या आठवड्यात घाट उतरले, हे धनगर वाड्यात एका फोनवर कळतं, आणि तो आकडा आज कुठल्याच निर्देशांकात नाही.

तोवर तुम्ही एक करा. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर जा आणि आपल्या मंडळाचा पाऊस काढा. टक्केवारीच्या रकान्यावर थांबू नका, शेजारचा मिलिमीटरचा रकाना वाचा. मग गावात फोन लावून विचारा, विहिरीत पाणी कितीवर आहे. जे कळेल ते मंडळाच्या नावासकट मला पाठवा. माणगंगेच्या काठची मंडळं मी आधी घेतोय.