दोन ओळींची पाटी

नागपुराहून वर्ध्याच्या सडकेनें दक्षिणेस निघालेल्या प्रवाशास सुमारें तीस किलोमीटरांवर बुटीबोरी लागते. उमरेडकडे जाणारा रेल्वेचा फांटा येथूनच फुटतो, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहतही येथेंच पसरलेली आहे. पॉलिएस्टरच्या धाग्यापासून टायरांपर्यंत नाना वस्तु येथें तयार होतात. प्रत्येक फाटकावर पाटी असते, आणि ती रंगविली जात असतां मालक स्वतः उन्हांत उभा राहून अक्षर न् अक्षर तपासतो. परंतु त्या पाटीशीं गिऱ्हाइकाची गांठ पडण्यापूर्वींच हल्लीं दुसरी एक पाटी त्याच्या दृष्टीस पडलेली असते. शोधयंत्रांत त्यानें दोन शब्द टाकले, कीं संकेतस्थळांचीं नांवें एकाखालीं एक येतात आणि प्रत्येक नांवाखालीं बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. त्या वाचून तो आंत शिरावयाचें कीं पुढें जावयाचें, तें ठरवितो. नवल असें, कीं ही दुसरी पाटी पुष्कळ मालकांनीं एकदांही वाचलेली नसते.

या ओळींसाठीं पानाच्या मूळ संहितेंत, शीर्षविभागांत, एक जागा राखलेली असते. तिला मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात. मराठींत पृष्ठवर्णन म्हटल्यास चालेल. पान उघडणारास तें दिसत नाहीं. तें लिहिल्यानें संकेतस्थळ यादींत वर चढतें, ही समजूत मात्र चुकीची आहे. क्रम लावतांना हें वर्णन विचारांत घेतलें जात नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें होतें. म्हणून शोधशब्दांची माळ तेथें गुंफून ठेवणें हा व्यर्थ खटाटोप होय. वर्णनाचें काम निराळें आहे. यादींत जी जागा मिळाली असेल त्या जागीं वाचणाराचें बोट थांबविणें, आणि ज्याचें काम येथें होणार नाहीं त्यास मुकाट्यानें पुढें जाऊं देणें, हें तें काम. यांतील दुसरा भाग बहुतेकांच्या ध्यानांत राहत नाहीं.

समजा, बुटीबोरीस लेथकामाचा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या वर्णनांत ‘गुणवत्ता, विश्वास व ग्राहकांचें समाधान या त्रिसूत्रीवर उभी असलेली अग्रगण्य संस्था’ असे शब्द आहेत. यांत खोटें कांहीं नसेल. पण हीच ओळ बिस्किटांच्या कारखान्यास लावली तरी शोभते, आणि जी पाटी कोणत्याही फाटकावर शोभते ती कोणाचीच नव्हे. आतां दुसरी बाजू पाहावी. ऐन कापसाच्या हंगामांत हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्यें यंत्राचा शाफ्ट मोडला आहे. आवारांत कापसानें भरलेल्या गाड्या खोळंबल्या आहेत, शेतकरी चिडले आहेत, आणि मालक मोबाईलवर शोध घेत आहे. त्यास त्रिसूत्री नको आहे. नमुन्याबरहुकूम शाफ्ट करून मिळेल काय, एकच नग असला तरी घेतील काय, आणि जागा कोठें, एवढेंच त्यास हवें आहे. तेव्हां वर्णन असें असावें: ‘बुटीबोरी, जिल्हा नागपूर येथें लेथकाम. शाफ्ट व बुश नमुन्याप्रमाणें करून मिळतात. एक नगही घेतला जातो. ओतकाम होत नाहीं. रविवारीं बंद.’ शेवटून दुसऱ्या वाक्यानें गिऱ्हाईक हातचें जाईल, अशी धास्ती मालकास वाटते. परंतु ओतकामासाठीं आलेला मनुष्य तसाही रिकाम्या हातींच परतणार; त्याचा अर्धा दिवस तेवढा वांचतो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपल्या शास्त्राचे पांच नियम सांगितले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वांचविण्याविषयींचा आहे. तो येथें जसाच्या तसा लागू पडतो.

शब्द मात्र परक्याच्या कानानें पारखून घ्यावे. महामंडळाच्या वर्गवारींत बुटीबोरीची वसाहत ‘पंचतारांकित’ आहे. वसाहतींतल्या माणसास या शब्दाचें कांहींच वाटत नाहीं. पण कोइमतूरच्या व्यापाऱ्यास तो हॉटेलाची जाहिरात वाटला, तर दोष व्यापाऱ्याचा नव्हे. बोरी या नांवाचीं गांवेंही महाराष्ट्रांत अनेक आहेत, म्हणून जिल्ह्याचा उल्लेख अवश्य असावा.

लांबीविषयीं वाद फार, आणि ते बहुतेक निष्फळ आहेत. गूगल वर्णनाच्या लांबीवर मर्यादा घालीत नाहीं. दाखवितांना पडद्याच्या रुंदीप्रमाणें तें तोडतें. सुमारें १५५ ते १६० चिन्हें हा रोमन लिपीवरून बसविलेला ठोकताळा आहे. २०१७च्या डिसेंबरांत गूगल अधिक लांब वर्णनें दाखवूं लागलें, तेव्हां अनेकांनीं आपलीं वर्णनें ताणून लांब केलीं. २०१८च्या मे महिन्यांत तीं पुन्हां आंखूड दिसूं लागलीं, आणि तो खटाटोप पाण्यांत गेला. देवनागरींत तर मोजणीच निराळी. ‘बुटीबोरी’ हीं डोळ्यांस चार अक्षरें. संगणक मात्र वेलांटी, उकार व काना-मात्रा वेगळ्या धरून आठ मोजतो. यास्तव मोजीत बसण्यापेक्षां मुख्य गोष्ट आरंभींच सांगावी, हें बरें. शब्दागणिक पैसे मोजून तार करणाऱ्या पिढीस हें शिकवावें लागत नसे. भारतांतील तारसेवा २०१३च्या जुलैंत बंद झाली, आणि ती शिस्तही तिच्याबरोबर गेली.

इतकें करूनही शोधयंत्र तेंच वर्णन दाखवील असें नाहीं. विचारलेल्या प्रश्नाशीं पानांतील एखादें वाक्य अधिक जुळत असल्यास तें तेंच उचलतें. साऱ्या पानांस एकच वर्णन चिकटविल्यास असें अधिकच घडतें. म्हणून प्रत्येक पानाचें वर्णन वेगळें असावें, आणि त्यांत सांगितलेलें पानांत खरोखर सांपडावें.

हें सर्वांत अधिक जपावें लागतें तें नोकरभरतीच्या पानावर. ‘थेट भरती, अनुभवाची अट नाहीं’ या दोन ओळी गडचिरोलीच्या किंवा यवतमाळच्या एखाद्या तरुणानें वाचल्या, तर तो उसनवारीनें एसटीचें भाडें जमवून दुसऱ्या दिवशीं फाटकाशीं उभा राहील. जागा तीन महिन्यांपूर्वींच भरल्या असतील, तर पहारेकरी त्यास दोन शब्दांत वाटेस लावील. पान बदलल्यावरही शोधयंत्र तें पुन्हां वाचून जाईपर्यंत जुन्याच ओळी झळकत राहतात, आणि त्यास कधीं कांहीं दिवस, कधीं आठवडे लागतात. म्हणून भरतीची अखेरची तारीख, सालासकट, वर्णनाच्या पहिल्याच वाक्यांत घालावी. पान जुनें झालें तरी ती तारीख वाचून तो तरुण घरींच थांबेल.