‘दादा म्हणाला म्हणून घेतलं’: पेणचा गणपती, कोलाडचं राफ्टिंग आणि आपला विश्वास

एसटीत असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर रात्री गादीवर पडून ऐकत असाल. आजचा प्रश्न सोपा आहे. तुम्ही शेवटची वस्तू घेतलीत ती कुणाच्या सांगण्यावरून?

पूर्वी शेजारची काकू सांगायची. आता रीलवाला दादा सांगतो, व्लॉगवाली ताई सांगते. आपण त्या ताईला कधी भेटलेलो नसतो, पण तिचं घर, तिची आई, तिची मांजर, सगळं माहीत असतं. ती आपलीच वाटायला लागते. टीव्ही नवा होता तेव्हा, १९५६ मध्ये, हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी अशा एकतर्फी नात्याला ‘पॅरासोशल’ म्हटलं. आपण तिला ओळखतो, ती आपल्याला ओळखत नाही. आणि कंपन्या पैसे मोजतात ते याच ओळखीसाठी.

आता चला पेणला. इथल्या गणेशमूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. हमरापूर, जोहे या गावांत जवळजवळ वर्षभर हेच काम चालतं. हे नाव कुठल्या रीलने मोठं केलेलं नाही. मूर्तीचा चेहरा आणि डोळ्यांची आखणी बघून लोक पुन्हा आले, आणि दुसऱ्यांना सांगत गेले. कोकणात अनेक घरांतून गणपतीचा पाट आधीच मूर्तिकाराकडे नेऊन देतात. पाट ठेवला की झाली ऑर्डर. दरवर्षी तोच कारखाना. याला म्हणतात लॉयल्टी! पण लक्षात घ्या, तो मूर्तिकार पुढच्या वर्षी तुमच्यासमोर उभा राहणार असतो. मूर्तीत काही कमी राहिलं तर ऐकून घेणार असतो.

रीलमध्ये काय होतं? मूर्ती सुंदर दिसते, मागे गाणं असतं, खाली लिहिलेलं असतं ‘पेणचा बाप्पा’. पण शाडूची की पीओपीची, हे स्क्रीनवर कळत नाही. शाडूची मूर्ती जड, नाजूक आणि वाळायला वेळ घेणारी. पीओपीची हलकी, झटपट होणारी आणि बहुतेकदा स्वस्त. हा फरक विसर्जनापर्यंत जातो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला मुभा दिली, पण सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायला सांगितलं. मग जो दादा मूर्ती दाखवतो पण ती कशाची आहे ते सांगत नाही, त्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. आणि नुकसान तुमचं एकट्याचं नाही. महिनोन्‌महिने माती मळणाऱ्या कारागिराची मूर्ती आणि साच्यातून भराभर निघालेली मूर्ती रीलमध्ये सारखीच दिसते. मग फक्त किंमत बोलते, आणि कारागीर हरतो.

पेणहून रोहा तालुक्यात उतरू. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. उडणारं पाणी, किंचाळणारे मित्र. पण हे पाणी भिरा वीज प्रकल्पातून सोडलं जातं, साधारणपणे सकाळी. म्हणजे दुपारी आरामात पोहोचलात तर राफ्टिंग हुकू शकतं! चांगला व्लॉगर हे सांगतो. वेळ सांगतो, लाइफ जॅकेट-हेल्मेट दाखवतो, कुणी जाऊ नये तेही सांगतो. दुसरा फक्त रिसॉर्टचा स्विमिंग पूल दाखवतो आणि ‘बायोमध्ये लिंक आहे’ म्हणतो. त्याची खोली फुकट होती का, हे आपल्याला कळायला नको?

कळायलाच हवं, आणि तसा नियम आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. पैसेच नव्हे, फुकट वस्तू, फुकट सहल, हॉटेलचा मुक्काम, सवलत मिळाली असेल तरी ते उघड सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. व्हिडिओ असेल तर दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. आणि हे सांगायचं ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत! म्हणजे मराठी रील असेल तर ‘ही जाहिरात आहे’ असं मराठीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. सेव्ह करून ठेवा.

पण मंडळी, पैसे घेणं हा गुन्हा नाही. व्लॉगरलाही घर चालवायचं असतं. लपवणं वाईट. म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, याला यातून काय मिळालं, ते त्याने सांगितलं का? दोन, त्याने वस्तूतली एक तरी उणीव सांगितली का? तीन, याआधी कधी तो ‘हे घेऊ नका’ असं म्हणाला आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जो प्रत्येक वस्तूला ‘एक नंबर’ म्हणतो, त्याच्या ‘एक नंबर’ला किंमत काय? मूर्तिकाराकडे आपण दरवर्षी पाट नेऊन देतो, कारण त्याने तो विश्वास कमावलेला असतो. मोबाईलमधल्या दादा-ताईलाही तो कमावू द्या. फॉलो करायला एक सेकंद लागतो, पण पाट सोपवायला घाई करू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!