गर्दुल्ल्याचाही केसपेपर निघाला पाहिजे



गोदीच्या भिंतीला टेकलेला गर्दुल्ला तुम्ही रोज बघता अन् नाक दाबून पुढं जाता. तो आपल्याच वस्तीतला आहे.

१९८५च्या कायद्यानं गर्द ओढणं-टोचणं हाच गुन्हा ठरवला. म्हणून सुईनं हाताला गळू झालं तरी तो दवाखान्याची पायरी चढत नाही. चढलाच तर ऐकतो, 'आधी गर्द सोड, मग ये.' ही नवी शिवाशिव आहे.

नशा सुटेपर्यंत माणूस जगला तर पाहिजे! स्वच्छ सुई दिली की एचआयव्ही अन् 'सी' काविळीची साखळी तुटते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज जिभेखाली ठेवली की अंग मोडून येत नाही, माणूस कामावर उभा राहतो. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं तर अशी सुई देणं गुन्ह्यातून वगळलंय.

पण सुई एकीकडं, गोळी दुसरीकडं, टीबीची थुंकी तिसरीकडं, मलमपट्टी आणखी कुठंतरी. हातावर पोट असलेल्यानं खाडे करायचे किती?

वस्तीतल्याच दवाखान्यात, एका खिडकीवर, एका केसपेपरवर हे सगळं मिळालं पाहिजे. पोलिसाला न विचारता. ही खैरात नाही, हक्क आहे. तो मागायला वॉर्ड ऑफिसवर चला, अन् त्या भिंतीजवळच्यालाही सोबत घ्या.