ऐकून घेण्याची खोली
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



यंदा यंत्रसामग्रीऐवजी बाह्यरुग्ण विभागाच्या कोपऱ्यातील एका लहानशा खोलीविषयी बोलण्याची अनुमती आम्ही मागत आहोत. तेथे दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या आहे. दाराला आतून कडी नव्हती. ती बसवायला आम्हाला दोन वर्षे लागली, हे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी धानपट्ट्यातील एक भगिनी आमच्याकडे वारंवार येत. डोके जड, हातापायांची आग, झोप नाही. रक्त, ईसीजी, सोनोग्राफी, सारे झाले. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका,’ असे आम्ही सांगितले. आमच्या मते तो धीर होता. त्यांना मात्र वाटले, आपण खोटे बोलतो असेच डॉक्टर समजतात. त्या येईनाशा झाल्या. वर्षभराने त्यांना आणले, ते धानावर फवारायचे औषध प्याल्यानंतर. दैवाने त्या वाचल्या. शुद्धीवर आल्यावर आमच्या परिचारिकेने एवढेच विचारले, ‘मावशी, किती दिवसांपासून असं वाटत होतं?’ उत्तर तासभर चालले. त्यातले एक अक्षरही आमच्या केसपेपरवर नव्हते.

ऐकणे हा स्वभावाचा गुण आहे, असे आम्ही समजत होतो. ते शिकावे लागते. मध्ये बोलू नये, घाईने उपदेश करू नये, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून ‘असंच ना?’ म्हणून विचारावे. रुग्ण गप्प बसला तर आपणही गप्प बसावे. हे सर्वांत अवघड. आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार मनात रुजतात, ही समजूत खरी नाही. भाषेचेही भान हवे. झाडीबोलीत बोलणारा माणूस आमच्या पुस्तकी मराठीपुढे संकोचतो आणि दोन शब्दांत आटोपतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य वेचले. रुग्णालयातही तिला मान हवा, असे आम्हाला वाटते.

हे काम केवळ मोठ्या तज्ज्ञांचे नव्हे. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. अर्थात तीव्र मनोविकारात औषध लागतेच. नुसत्या गोड बोलण्याने ते आजार हटत नाहीत आणि तसे भासवणे ही फसवणूक ठरेल.

कायद्यानेही दृष्टी बदलली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार व पुनर्वसन द्यायचे आहे. तरीही पोलिसांच्या भीतीने ‘चुकून प्याली’ असे सांगणारे नातेवाईक आम्हाला आजही भेटतात. त्यांना दोष देऊन काय साधणार? त्यांचेही कोणी ऐकलेले नसते. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात १० नवजात बालके आगीत गेली, जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. अशा घरांत भरपाईचा धनादेश पोहोचतो; पुढे सहा महिन्यांनी ओट्यावर बसून विचारपूस करायला सहसा कोणी जात नाही. रात्रीबेरात्री गरज पडल्यास १४४१६ ही टेलिमानसची शासकीय सेवा आहे, हा क्रमांक आप्तांनी जरूर टिपून घ्यावा.

देणगीदारांना एक विनंती. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, समुपदेशकाच्या वेतनावर लावता येत नाही. आम्हाला दुसऱ्या समुपदेशकाचे वेतन हवे आहे, कारण खोलीबाहेरचा बाक आता पुरत नाही.

त्या भगिनी आजही महिन्यातून एकदा येतात. परवा आत दुसरी एक तरुण मुलगी बोलत होती. आम्ही दार वाजवणार, तोच त्या म्हणाल्या, ‘राहू द्या, बोलू द्या तिला. माझी गाडी साडेचारची हाये.’