होडीचे शीड ठेवायचे कुठे?

आज मी आपल्याशी एका लहानशा पेटीविषयी आणि दोन नळकांड्यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, "आमच्या दारात बैलगाडी, आम्हांला होडीचे काय?" पण जरा थांबा. या कामातले बहुतेक सामान आपल्याच शेतात आणि गोठ्यात पडलेले असते, आणि यातला मुख्य मुद्दा तर गाडीवानांना माझ्याहून जास्त कळतो.

आमच्या महाविद्यालयाच्या मुलांकडे शिडाची एक जुनी होडी आहे. एंटरप्राइज जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आराखडाकाराने 1956 साली ही जात काढली. लांबी सव्वातेरा फूट, दोन माणसे चालवणार, दोन शिडे. नुसती होडी नव्वद-पंचाण्णव किलोंची, म्हणजे चार मुले सहज उचलतील. वर्षभर ती आमच्या सातारा जिल्ह्यातल्या धरणाच्या पाण्यावर असते. वर्षातून एकदा मात्र मुलांना खाऱ्या पाण्याची आणि भरती-ओहोटीची ओळख व्हावी म्हणून आम्ही तिला दोन चाकांच्या ट्रेलरवर घालतो, जीपला जोडतो आणि कुंभार्ली घाट उतरून दाभोळच्या खाडीवर नेतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही खाडीवरून परत येत होतो. शिडाची बोचकी, दोर, वल्ही, सुकाणू, शिडाच्या तळाशी बसणारा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, हे सारे आम्ही होडीच्या पोटातच टाकले होते आणि वरून सुतळीने आवळले होते. आवळले होते असे आम्हांला वाटत होते. घाटातल्या एका चढाच्या वळणावर गचका बसला, सुतळी सुटली आणि तो दांडा मागच्या बाजूने सरळ रस्त्यावर सुटला. मागून एक गृहस्थ मोटारसायकलवरून येत होते, पाठीमागे त्यांची लहान मुलगी. त्यांनी गाडी कडेला दाबली, घसरले, कोपर सोलून निघाले. मुलीला काही झाले नाही. मी धावत गेलो, क्षमा मागितली. ते उठले, मुलीचे कपडे झटकले आणि एवढेच म्हणाले, "गुरुजी, मुलांना शिकवता ना तुम्ही?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चूक ना जीपच्या चालकाची, ना मुलांची. सामान बांधले की नाही हे पाहण्याचे काम माझे होते.

तेवढ्यावर संपले नाही. त्या गडबडीत ओली शिडे तशीच कोठीत गेली. पुढे पावसाळा लागला. आमच्या बाजूचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. भिंतींना ओल आणि चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत बुरशी. श्रावणात कोठी उघडली तो शिडावर काळे-हिरवे डाग, दोरांना कुबट वास, आणि मोठ्या शिडाच्या घडीत उंदराने घर केलेले. तीन ठिकाणी मूठ जाईल एवढी भोके. त्या वर्षी मुलांचा सराव बुडाला. दोन मुले शेवटच्या वर्षाला होती, त्यांचा तर कायमचाच बुडाला. नवे शीड घ्यावयाचे तर पैसे कोठून आणायचे?

दाभोळकडचे एक म्हातारे तांडेल माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, शीड हाय ते, घोंगडी न्हाय. ओलं कोंडलंत तर मेलं." त्यांच्या तरुणपणी शिडे सुती कापडाची असत. सूत ओल्याने कुजते, म्हणून समुद्रावरचे लोक शिडे आणि जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. इंग्लंडातल्या कोळ्यांची तांबूस शिडे याच युक्तीची. ते वापरीत तो कात पूर्वेकडून जाई. आपल्या कोकणात खैरापासून जो कात काढतात, त्यातलाच तो तुरट गुण.

आता शिडे सुताची राहिलेली नाहीत. 1941 साली विनफील्ड आणि डिक्सन या दोघा इंग्रज रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला, आणि पुढे शिडे त्याचीच होऊ लागली. हे कापड कुजत नाही. म्हणून माझ्यासारखे पढतमूर्ख समजतात की त्याची काळजी नको! पण कापड कुजले नाही तरी त्यावरच्या मळावर आणि घामावर बुरशी धरतेच. त्यात खारे पाणी वाळून राहिलेले मीठ. पावसाळ्यात बरणीतले मीठ कसे पाणी सोडते ते प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. तेच मीठ शिडाच्या विणीत बसले म्हणजे हवेतली ओल ओढून घेते आणि शीड कधी कोरडे होतच नाही. दुसरा शत्रू ऊन. उन्हातले अतिनील किरण हा धागा हळूहळू कमजोर करतात. तिसरा शत्रू घडी. या कापडाला ताठपणासाठी राळेसारखा लेप दिलेला असतो. त्याच त्या जागी घडी पडली की लेप तडकतो. म्हणून शीड घडी घालून नव्हे, चटईसारखे गुंडाळून ठेवावयाचे.

आणि गुंडाळलेली चटई ठेवायला सर्वांत सोयीची जागा कोणती? नळकांडे. हे मला सुचले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. एका विद्यार्थ्याच्या बांधावर पाणीपुरवठ्याचा जुना पीव्हीसी पाइप पडला होता. दोनशे मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे आठ इंची. तो म्हणाला, "सर, आमच्या पाइपात जाईल की शीड!" बाजारात हा पाइप सहा मीटर लांबीचा मिळतो. मधोमध कापला की तीन-तीन मीटरची दोन नळकांडी होतात. एकात दोन्ही शिडे, दुसऱ्यात बूम, वल्ही आणि सुकाणूचा दांडा. आपली होडी निराळी असेल तर आधी माप घ्या. शीड वरच्या टोकाकडून तळाकडे गुंडाळत आणले म्हणजे गुंडाळीची लांबी शिडाच्या तळकाठाइतकी होते. त्याहून वीतभर लांब नळकांडे हवे. असे गुंडाळल्याने शिडात बसवलेल्या आडव्या पट्ट्याही मोडत नाहीत. पाइप शक्यतो पातळ भिंतीचा, कमी दाबाचा घ्यावा. आपल्याला त्यातून पाणी चढवायचे नाही, उगाच वजन कशाला वाहा?

नळकांडी ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या आतल्या अंगाला, आसाच्या वर बसवावीत. खाली लोंबकळू देऊ नका. पहिल्याच दगडाला फुटतील. लोखंडी कोनाच्या तुकड्यांवर पाइप टेकवायचा आणि वरून पत्र्याची पट्टी बोल्टाने आवळायची. पट्टी आणि पाइप यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. त्याने पाइप कापत नाही आणि खडखडतही नाही. डोलकाठी अल्युमिनियमची असेल तर ती जिथे लोखंडावर टेकते तिथेही हाच तुकडा घाला, कारण खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना भिडले की अल्युमिनियम खाल्ले जाते.

शिक्षकबंधूंसाठी इथे एक गणित आहे. पीव्हीसीचा एक मीटर तुकडा तापमान एक अंश सेल्सिअस वाढले की साधारण 0.06 मिलिमीटर वाढतो. पहाटेचे थंड आणि दुपारचे तापलेले नळकांडे यांत तीस अंशांचा फरक धरा. तीन मीटर गुणिले तीस गुणिले 0.06, म्हणजे पाच मिलिमीटरांहून थोडे जास्त. म्हणून एका टोकाची पट्टी घट्ट आवळायची आणि दुसऱ्या टोकाची जरा सैल, पाइप सरकू शकेल इतकी. दोन्ही घट्ट केल्या तर एका उन्हाळ्यात पाइप वाकतो. वर्गात प्रसरण शिकवताना रेल्वेच्या रुळांचेच उदाहरण वर्षानुवर्षे देतो आपण. हे मुलांना हाताने चाचपून पाहता येते. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते, त्यासाठी वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. पाइप तापतोही कमी.

पुढचे टोक टोपण चिकटवून कायमचे बंद. मागचे टोपण काढघालीचे. आता घाटातला प्रसंग आठवा. चढावर सामान मागे सरकते आणि त्याचा सगळा भार या टोपणावर येतो. नुसत्या घट्ट बसलेल्या टोपणावर भरवसा ठेवू नका. टोपण आणि पाइप या दोहोंतून आरपार भोक पाडून एक लांब बोल्ट घाला आणि हाताने फिरणारा नट लावा. बोल्ट दोरीने ट्रेलरला बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच सहलीत तो गवतात हरवतो. आमचा दोनदा हरवला. मागच्या टोकाशी खालच्या अंगाला तीन-चार लहान भोके पाडावीत, म्हणजे आतले पाणी निथळते. पुढच्या टोपणालाही दोन भोके हवीत, एरवी हवा खेळणार कशी? भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवा. कुंभारीण माशीला अशी भोके फार आवडतात. ट्रेलर उभा करताना जोडाची बाजू विटांवर जरा उंच ठेवली की पाणी आपोआप मागे येते.

राहिले दोर, नांगर, तरंगजाकिटे, पाणी उपसण्याचे भांडे, पाने-पकडी. यासाठी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर पेटी हवी. सुतार म्हणाला, समुद्री प्लायवूडची करू. चांगली होते, पण महाग. आम्ही पट्टीच्या कडीने झाकण आवळणारा निळा प्लास्टिकचा पिंप भंगारवाल्याकडून घेतला आणि पट्ट्यांनी पक्का बांधला. मात्र पिंपात पूर्वी काय होते ते विचारून घ्या. औषधाचा किंवा तेजाबाचा पिंप कितीही धुतला तरी मुलांच्या गळ्यात घालायची जाकिटे त्यात ठेवू नयेत. लाकडी पेटीच करायची असेल तर झाकणाच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला, जीपकडे लावा. उलट लावल्या तर धावत्या गाडीचा वारा झाकण उघडून टाकतो.

आता गाडीवानांचा मुद्दा. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलते. पुढे जास्त झाला तर मानेवर भार येतो. ट्रेलरचे तेच. मागे भार झाला की वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि उतारावर हे झोके जीपलाही आवरत नाहीत. एकंदर वजनाच्या पाच ते दहा टक्के भार जोडावर असावा असा ठोकताळा आहे. होडी, ट्रेलर आणि सामान मिळून अडीचशे किलो होत असेल तर जोडाखाली वजनकाटा ठेवून पाहा. तो साडेबारा ते पंचवीस किलोंच्या दरम्यान दिसला पाहिजे. आम्ही नांगर पुढच्या पिंपात टाकला तेव्हा काटा तिसाच्या पुढे गेला. नांगर आसाजवळ होडीच्या तळाशी बांधला, आणि बेत जमला. किराणा दुकानदाराने काटा दिला खरा, पण तासभर तो आमच्याकडे वेड्यासारखा पाहत होता.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट नळकांडे करीत नाही. ते शीड कोरडे करीत नाही. खाडीवरून परतल्यावर शीड, दोर आणि जाकिटे गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत वाऱ्यावर वाळवायची, आणि मगच आत घालायची. रात्री उशिरा, दमलेल्या मुलांकडून हे करून घेणे सर्वांत अवघड. त्या रात्री ओले शीड आत गेलेच तर जाऊ द्यावे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर निघाले पाहिजे. आणि पावसाळ्याचे चार महिने शीड नळकांड्यात ठेवूच नये. ते घरात आढ्याखाली, दोन दोऱ्यांवर टांगावे. दोऱ्यांना पत्र्याच्या चकत्या ओवाव्यात, म्हणजे उंदीर उतरत नाही. ही तांडेलांची रीत. आमची आता याच रीतीने कौलारू कोठीत टांगलेली असतात.

खर्चाचे म्हणाल तर पाइप त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी तसाच दिला. पिंप, टोपणे, बोल्ट, रंग आणि वेल्डिंगवाल्याची अर्ध्या दिवसाची मजुरी एवढेच विकत. उंदराने खाल्लेल्या शिडाला तिन्ही ठिकाणी ठिगळे लावून आम्ही ते आजही सरावाला वापरतो. पिंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मुलांनी रंगाने सामानाची यादी लिहिली आहे, आणि निघण्यापूर्वी एक जण ती मोठ्याने वाचतो, दुसरा हात लावून पाहतो. सगळ्यांत शेवटी "मागचा बोल्ट" असे शब्द येतात. तो मात्र मी स्वतः ओढून पाहतो.